प्रतवारी

वेंगुर्ल्याच्या कारखान्यात माझं काम डोळ्यांचं.
टेबलावर काजूगर ओततात, मी बोटांनी सारत जाते:
अखंड पांढरा इकडे, डागी तिकडे,
पाकळी वेगळी, तुकडा वेगळा,
करपलेला खालच्या पाटीत.
सोळा वर्षं. दोनशे दहा आणि दोनशे चाळीस
यांतला फरक मला तराजूशिवाय कळतो,
वीज गेली तरी कळतो.

हेमांगीचा हात पहिल्यांदा उडाला
तेव्हा मात्र काही कळलं नाही.
सोलकढीची वाटी भिंतीवर. मी म्हटलं, नीट धर गो.
दुसऱ्या दिवशी पेन. मग वेणी घालताना
मान अशी वळली, जणू मागून कोणी हाक मारली.
शाळेतून चिठ्ठी: अक्षर बिघडलं आहे,
वर्गात तोंडं वेडीवाकडी करते.
बाईंनी पट्टी मारली, त्याच हातावर,
जो कोणाचं ऐकतच नव्हता.

उभादांड्याची आत्ये म्हणाली, नजर.
शेजारच्या फर्नांडिसबाईंनी मेणबत्ती लावली.
दोन्ही करून घेतलं
आणि पहाटेच्या एसटीने बांबोळी गाठली.

डॉक्टरीण पोरगेलीशी. हेमांगीपुढे दोन बोटं धरली तिनं.
"दाब. सोडू नकोस."
मूठ आवळली, सैलावली, पुन्हा आवळली,
गाईची धार काढावी तशी.
"झोपेत हात थांबतात?"
थांबतात.
"घसा दुखला होता कधी?"
घसा? चवथीला. तीन महिने झाले त्याला.
मिठाच्या गुळण्यांनी बरा झाला.

"बरा झाला नव्हता," म्हणाली,
आणि केसपेपर उलटा करून चित्र काढायला लागली.
हा घशातला जंतू. ह्याच्या अंगावर असा एक आकार.
रक्ताने तो पाठ केला, सगळीकडे शोधला.
जंतू गेला. पण तसाच,
अगदी तसाच नाही, जवळजवळ तसा एक आकार
हिच्या मेंदूत खोल आहे,
हाताला "थांब" सांगतात तिथे.
रक्त आता त्यालाच धरतंय.

मी माझे हात तिच्या टेबलावर ठेवले.
लग्नाआधी मी फोडणीला होते, टरफलं फोडायला.
तेलाने बोटं काळी झाली, सालं निघाली.
तेव्हापासून आंब्याचा चीक लागला
तरी ओठ टरारतात. बिब्ब्याच्या तर वाऱ्यालाही
उभी राहत नाही. आंब्याने माझं
काय वाईट केलं होतं?
म्हटलं, "म्हंजे काजीचो राग आंब्यार."
ती पेन धरून थांबली. पेडण्याची होती, समजलं तिला.
"वाट वेगळी," म्हणाली, "पण चूक तशीच."

आता दर एकवीस दिवसांनी इंजेक्शन.
कॅलेंडरवर भरती-ओहोटीच्या आकड्यांशेजारी
माझ्या लाल फुल्या. किती वर्षं ते विचारलं,
तर डॉक्टरीण म्हणाली, आधी हे वर्ष काढू.
काळजाची एक झडप किंचित फुंकर घालते म्हणे,
तिच्यावरही लक्ष ठेवायचं.
परवा कारखान्यात मुकादमीण ओरडली:
अर्धी पाटी चुकवलीस.
खरंच चुकवली होती.
एक डागी गर हातात घेऊन बसले होते,
डाग ह्याचाच की माझ्या बोटाचा, बघत.

वैशाखात पहिला आंबा घरात आला.
दर वर्षी हेमांगीच कापून देते मला,
देठाचा चीक धुऊन, साल जाड काढून.
यंदाही सुरी मागितली.
मी दिली. मग दाराशी उभी राहिले,
चूल विझली तरी.
पहिली फोड वाकडी. दुसरी त्याहून.
तिसरीला हात उडाला, थोडासाच,
सुरी ताटलीवर वाजली.
माझ्याकडे न बघता ती म्हणाली,
"आये, ही तुकड्यात घाल."